पाकिटाची खालची बाजू

मी अंबाजोगाईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं झाली. बाटल्यांवर लेबलं लावणं आणि पुसट झाली की नवी लिहिणं हे माझं रोजचं काम. लेबल नसलेली बाटली मी रॅकवर ठेवू देत नाही आणि लेबल वाचल्याशिवाय बाटली उचलत नाही. ही सवय घरीही आली आहे. खोकल्याचं औषध असो की बिस्किटाचा पुडा, मी उलटसुलट करून सगळं वाचतो. बायको म्हणते, "घरात पाहुणा आला तरी तुम्ही त्याला उलटा करून बघाल."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात 'माझ्या नजरेतून सुटलं' असं म्हणायची मला सोय नाही.

गेल्या थंडीत माय अंगणात पडली. आम्ही आईला मायच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळं संडासात कमोड बसवला. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून नंतर पुसून स्वच्छ करायचं काम बायकोकडं आलं आणि त्यासाठीची फडकी माझ्याकडं. माझे दोन जुने पंचे मी तीनदा उकळले आणि पट्टीनं मापून नऊ-नऊ इंचांचे चौकोन कापले. चाळीस झाले. रोज सकाळी ते जंतुनाशकात भिजवायचे, धुवायचे, मागच्या दोरीवर उन्हात वाळवायचे. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि या धुण्याला रोज दोन बादल्या लागायच्या. तरी तीन महिने मी एकही दिवस चुकवला नाही. मायनं फडक्यांना कधी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं नाही म्हणजे पसंत आहेत, असं मी धरून चाललो.

माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पुण्यात असतो. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी येतो, रविवारी संध्याकाळी जातो. तो येणार असला की माय सकाळीच वेणी घालून घेते आणि दुपारी परत एकदा फणी मागते. त्याच्या ताटासमोर बसली की तिला अर्धी भाकरी जास्त जाते. तो रोज संध्याकाळी फोन करतो तेव्हा ती वीस-बावीस मिनिटं बोलते, हसते, त्याच्या ऑफिसातल्या माणसांच्या खोड्या विचारते. दिवसभरात ती माझ्याशी किती वाक्यं बोलते हे मी एकदा मोजलं होतं. एकोणीस. त्यातली सात पंख्याबद्दल होती.

असं मोजणं बरं नाही, हे मला कळतं. पण मोजलं होतं.

उन्हाळा लागायच्या सुमाराला भाऊ आला तो ओल्या रुमालांची सहा पाकिटं घेऊनच. वाइप्स म्हणतात त्यांना. एका पाकिटात ऐंशी. त्यानं एक रुमाल ओढून काढला आणि मायच्या हातात दिला.

"माय, हे बघ. धुवायची कटकट नाही, पाणी नाही. काढायचा, पुसायचं, टाकून द्यायचा."

मायनं तो गालाला लावला. "अगं बाई! लोण्यावानी हाय की रं."

"पण भाऊजी, हे टाकायचे कुठं?" बायकोनं विचारलं.

"टाका की वहिनी कुठंही. त्यात काय एवढं?"

कुठं टाकायचे ते मायनंच ठरवलं. आमचं घर लहान. संडासाची भिंत आणि देव्हाऱ्याची भिंत एकच. माय म्हणाली, "असली घाण डब्यात भरून घरात ठिवायची न्हाई. पलीकडं देव हायत. जिथली घाण तिथंच सोडायची." घंटागाडी तिसऱ्या दिवशी येते, म्हणजे डबा तीन दिवस घरात राहिला असता. आमच्याकडं विटाळाची वस्तू झाकून ठेवली तरी ती घरात ठेवलेलीच धरतात. बायकोला हे सांगावं लागलं नाही, तिच्या माहेरीही तसंच आहे. त्या दिवसापासून रुमाल कमोडात आणि वरून बादलीभर पाणी, असा क्रम सुरू झाला. दिवसाला चार रुमाल जायचे.

माझी चाळीस फडकी बायकोनं घडी घालून पेटीत ठेवली. रोजच्या दोन बादल्या वाचल्या, हे मला मान्य करावंच लागेल.

चौथ्या दिवशी मी ते पाकीट वाचलं. तीन दिवस मुद्दाम वाचलं नव्हतं, कारण ते त्यानं आणलं होतं. वरच्या बाजूला हसणारं बाळ, पानं, फुलं. मागं घटकपदार्थांची यादी, अकरा नावं. रुमालाची लांबी-रुंदी. आणि अगदी खाली, जिथं पाकिटाची शिवण दुमडते तिथं, दुकानदाराच्या किमतीच्या चिकटपट्टीखाली अर्धं झाकलेलं एक चित्र. मी नखानं पट्टी काढली. एक माणूस कमोडात काहीतरी टाकतो आहे आणि त्याच्यावर आडवी काट मारली आहे. शेजारी इंग्रजीत एक ओळ, की हे संडासात टाकू नये. अक्षरं तिळापेक्षा बारीक. खिशातल्या स्टीलच्या पट्टीनं चित्र मोजलं. आठ मिलिमीटर.

मी पाकीट घेऊन लगेच बाहेर आलो, हे मला माझ्या बाजूनं नोंदवायचं आहे. सांगायलाच आलो होतो. माय ओसरीवर खुर्चीत बसून फोनवर बोलत होती. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा स्पीकर चालू असतो.

"तुझे रुमाल लई झ्याक हायत बघ," ती भावाला सांगत होती. "थोरल्यानं पंचे फाडून फडकी केलती. तीन महिने नुसती कातडी सोलून निघाली. बोलले न्हाई. म्हनलं, त्याला वाईट वाटंल."

"आता सुटलीस ना?" भाऊ तिकडून हसला.

"सुटले रं बाबा."

मी दारातच थांबलो. मग मागं वळलो आणि पाकीट संडासातल्या फळीवर जसं होतं तसंच ठेवलं. खालची बाजू खाली.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून टाकाऊ काचेच्या दोन बरण्या घरी आणल्या. एकीत पाणी आणि एक रुमाल घातला, दुसरीत पाणी आणि हात पुसायचा साधा पातळ कागद. दोन्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवल्या. रोज सकाळी प्रत्येक बरणी वीस वेळा हलवायचो. कागदाचा दुसऱ्याच दिवशी लगदा झाला. रुमाल तसाच. दहाव्या दिवशी मी तो बाहेर काढून पिळला, तर पिळता आला. सत्तावीस वर्षांत मी लेबल न लावता ठेवलेल्या या पहिल्या बरण्या. लेबल लावलं असतं तर त्यावर तारीख घालावी लागली असती, आणि मला कधीपासून माहीत आहे ते त्या तारखेनं सांगून टाकलं असतं.

मधल्या महिन्यात भाऊ आला नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखितीला, वडिलांच्या नावानं जेवण असतं, तेव्हा येणार होता. मी तो दिवस धरून ठेवला होता. जेवणं झाल्यावर मायसमोर बरणी ठेवायची, रुमाल पिळून दाखवायचा आणि शांतपणे म्हणायचं, 'तू आणलेलं हे कुठं टाकायचं, ते तरी वाचून आणायचं होतंस.' हे वाक्य मी कॉलेजला जाता-येता मनात म्हणत असे. इकडं रोज चार रुमाल खाली जातच होते. मैल्याच्या टाकीकडं जाणारा पाइप चार इंची आहे, आणि घराबाहेरच्या चेंबरमध्ये त्याला काटकोनात वळण आहे. घर बांधताना मी स्वतः उभा होतो. त्या वळणाचं काय होणार हे मला कळत नव्हतं असं नाही. आखितीपर्यंत टिकेल, असा माझा हिशेब होता.

टिकलं नाही. सदतिसाव्या दिवशी, भाऊ यायला दोन दिवस असताना, माय कमोडवर बसलेली असतानाच पाणी उतरायचं थांबलं. बायकोनं सवयीनं बादली ओतली आणि सगळं वर आलं. मायचं लुगडं भिजलं, पाय भिजले. मी कॉलेजात होतो. दुपारी घरी आलो तेव्हा बायको तिसऱ्यांदा फरशी धूत होती आणि माय पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

टाकी उपसणाऱ्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाला. तोवर मायसाठी पलंगाजवळ भांडं ठेवलं.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "अहो, आत्याबाईंनी दुपारपासून घास घेतला नाही. पाणीसुद्धा तीन घोटच प्यायल्या. पोट जड आहे म्हणतात, पण तसं काही नाही. भांड्यावर बसायला लागू नये म्हणून खाईनात. मी भाऊजींना कळवलंय, ते रात्रीच निघतायत."

मी मायजवळ जाऊन बसलो. "माय, थोडं दूध घे."

"नगं बाबा."

"का?"

"अठरा वर्सं हा संडास नीट चालला. मी कमोडवर बसाया लागले अन् तुंबला. माझ्या आतलंच काई तरी बिघडलंय. सूनबाईला केवढं धुवायला लागलं." मग म्हणाली, "मला धाकल्याकडं सोड. त्याची बिल्डिंग धा मजली हाय. तिथली पायपं मोठी असतील."

इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो त्याच्याच घरी ती आपल्या तोंडानं जायचं म्हणत होती, आणि ते कशामुळं हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "तुझ्यामुळं नाही गं तुंबलं."

"मग कशामुळं?"

"उद्या बघू. माणूस येणार आहे."

तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. दूध तसंच राहिलं.

सकाळी टाकीवाला आणि भाऊ दोघंही एकदमच आले. आत कुणी उतरायचं नाही, असं मी टाकीवाल्याला आधीच सांगितलं. त्यानं चेंबरचं झाकण उघडलं, आकड्याची लांब सळई वळणात घातली आणि ओढली. एकात एक पीळ बसलेला, करड्या रंगाचा जाड दोर बाहेर यायला लागला. संपेचना.

"साहेब, रुमाल कावून सोडता खाली?" टाकीवाला ओरडला. "हे तर आख्खं लुगडंच निघायलंय. ह्ये कुजत न्हाई ओ. कागद न्हाई ह्यो, कापडासारखं हाय."

दीड घमेलं भरलं. भाऊ आत गेला आणि पाकीट घेऊन आला. त्यानं ते आयुष्यात पहिल्यांदा उलटं केलं.

"दादा, इथं लिहिलंय रे. टाकू नका म्हणून. मी बघितलंच नाही."

त्याचं तोंड पडलं होतं. याच तोंडाची मी तेहतीस दिवस वाट बघितली होती. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. बरणी आणायची गरजच उरली नव्हती. माझं काम त्या सळईनंच केलं होतं, आणि मी गप्प बसलो असतो तर सगळं त्याच्याच नावावर गेलं असतं.

तो मायच्या पलंगाजवळ जाऊन खाली बसला. मी दारात उभा राहिलो. बायको हातात फरशीचं फडकं घेऊन माझ्यामागं होती.

"माय, चूक माझी आहे," भाऊ म्हणाला. "रुमालांनी पाइप तुंबला. पाकिटावर लिहिलं होतं, मी वाचलं नाही."

"तुला काय बोलू?" माय म्हणाली. "तू जलमात कधी पुडा उलटा केला न्हाईस. वाचायचं काम थोरल्याचं. तुझ्या बापाची औषधं म्हनू नको, रानातलं फवारायचं औषध म्हनू नको, हा वाचल्याबिगर हात लावू देत नव्हता. ह्यानं राखलंय ह्या घराला. ह्याला दिसलं असतं तर ह्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ह्याला दिसलं न्हाई, म्हंजी ते लपवूनच लिवलं असंल."

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. माझ्याबद्दल ती असं बोललेली मी कधी ऐकली नव्हती, आणि तेही त्याच्यासमोर. हे ऐकायला मी काय दिलं नसतं. पण चुकीचं लेबल बिनलेबलापेक्षा वाईट, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. बिनलेबलाच्या बाटलीला माणूस भितो तरी. चुकीच्या लेबलावर तो विश्वास ठेवतो.

"माय," मी म्हणालो, "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"ते लिहिलेलं. चौथ्याच दिवशी वाचलं."

मागून बायको म्हणाली, "चौथ्या दिवशी? आणि मी रोज टाकत होते ते बघत होतात?"

"हो."

"काल मी तीनदा घर धुतलं!"

"हो."

भाऊ उठून उभा राहिला. पुण्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण तोंडातून आलं ते लहानपणचंच. "कावून, दादा?"

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण मी बोललो मायकडं बघून. "तू म्हणालीस, माझ्या फडक्यांनी कातडी सोलून निघाली. मी तीन महिने रोज धुतली ती. त्याचे रुमाल एका दिवसात लोण्यासारखे झाले."

बोलल्यावर ते किती लहान वाटलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मायनं एकच विचारलं.

"म्हंजी माझ्यामुळं न्हाई तुंबलं?"

"नाही, माय. मी तेहतीस दिवस गप्प बसलो. एकशे बत्तीस रुमाल माझ्या डोळ्यांदेखत खाली गेले. तुझं काही बिघडलेलं नाही."

तिनं पदर सारखा केला आणि हाताला धरून उठव, अशी भावाला खूण केली.

"सूनबाई, भाकर हाय का? दुधात कुस्कर. जरा जास्तीच कर."

तिनं दीड भाकरी खाल्ली. मी मोजली. खाता खाता एकदा आम्हा दोघांकडं बघितलं आणि म्हणाली, "एकाला बघायला नगं, एकाला बोलायला नगं. काय करावं ह्या पोरांचं?" पुण्याला जायचा विषय तिनं परत काढला नाही. आखितीचं जेवण झाल्यावर भावानं निघताना विचारलं, तर म्हणाली, "धा मजले कोन चढतंय?" लिफ्ट आहे, असं त्यानं सांगितलं. तिला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं.

बायको माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. त्या नऊ दिवसांत संडास रोज मी घासला.

बरण्या मी दुसऱ्या दिवशी खाली आणल्या. रुमालाच्या बरणीवर लेबल लावून भिजवल्याची खरी तारीख घातली. ती आता प्रयोगशाळेत आहे. मुलांना दाखवतो, पण तारखेचं कारण सांगत नाही.

भावानं जाण्याआधी मोबाइलवर शोधून सांगितलं होतं, की काही देशांत ही खूण मोठी आणि समोर दिसेल अशी छापायचा नियम आहे. मला विचाराल तर जिथून रुमाल ओढतात त्या तोंडापाशीच ती हवी. पाकीट फळीवर नेहमी पोटावर पडलेलं असतं. पोटावर लिहिलेलं कोण वाचणार? दुकानदारानं चिकटपट्टी कुठं लावायची तेही ठरवून द्यावं. हे सगळं खरं आहे, पण त्या चौथ्या दिवशी खूण तळहाताएवढी असती तरी मी बोललो असतो का, याचं उत्तर नियमात नाही.

आता प्रत्येक पाकिटाच्या तोंडापाशी मी पांढरी पट्टी लावतो. त्यावर काळ्या शाईनं मोठ्या अक्षरांत लिहितो: 'संडासात टाकू नये. बाहेरच्या डब्यात टाकावे.' डबा मागच्या दाराबाहेर, देव्हाऱ्याच्या भिंतीपासून अकरा फुटांवर आहे. अंतर मायनं मला मोजायला लावलं आणि मग हो म्हणाली. रुमाल वर्तमानपत्रात गुंडाळून त्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी घंटागाडीत. डबा भावानं पाठवला. पायानं दाबला की झाकण उघडतं. येईल त्या बाईला माय तो दाखवते. "धाकल्यानं धाडलाय. हात लावायचं कामच न्हाई." माझ्या पट्टीबद्दल अजून कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. कान देऊन असतो.

मात्र एक नवीन सुरू झालं आहे. नवं पाकीट फोडायच्या आधी ती ते माझ्या हातात देते आणि म्हणते, "वाच." सगळं वाचायचं, वरचं, मागचं, पोटावरचं. ही शिक्षा आहे की आणखी काही, हे मी विचारलेलं नाही. परवा मी असाच वाचत होतो तेव्हा भावाचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावून फोन मायजवळ धरला.

"माय, जेवलीस का?" भावाचा आवाज आला.

"थांब रं जरा," माय म्हणाली. "थोरला वाचायलाय."

घटकपदार्थांची यादी वाचून झाली होती. मी ती पुन्हा पहिल्यापासून घेतली, जरा सावकाश. अकरा नावं आहेत.